जामीन झाला, पण जामीनदार?

सकाळी सात. पुण्याच्या शिवाजीनगर कोर्टात मी फौजदारी वकिली करते. चहाआधी डायरी उघडते. चोरीच्या एका गुन्ह्यातल्या आरोपीच्या कोठडीचा आज साठावा दिवस. आज दोषारोपपत्र आलं नाही, तर उद्या जामीन हा त्याचा हक्क. पहिल्या रिमांडचा दिवस धरूनच मोजायचं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये स्पष्ट केलं. पण दोषारोपपत्राआधी अर्ज पडला पाहिजे, नाहीतर हक्क गेला. म्हणून अर्ज आजच टाइप करून ठेवते.

साडेदहा. जिन्यापाशी दुसऱ्या एका आरोपीची आई थांबलेली.

"मॅडम, आज सुटंल ना पोरगं?"

"मावशी, जामीन होईल असं वाटतंय. जामीनदार मिळाला का?"

त्या गप्पच.

अकरा. पुकारा सुरू. एका प्रकरणात पोलीस आणखी तीन दिवस पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागतात, कारण 'मुद्देमाल हस्तगत करणे बाकी'. रिमांड रिपोर्टमधलं हे वाक्य मागच्या वेळेचंच आहे, एवढं मी कोर्टाच्या नजरेस आणते. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळते.

साडेबारा. सेशन्स कोर्टात पंचाचा उलटतपास. साक्षीपुराव्याचा कायदा मी कॉलेजात शिकले, पण उलटतपास शिकले सीनियरांच्या मागे उभं राहून. एक प्रश्न कमी चालेल, जास्त नको, ही त्यांची शिकवण. जप्त चाकूच्या पाकिटावरचं लेबल मी पंचाला दाखवते. सही त्याचीच आहे.

"लाखेचा शिक्का तुमच्यासमोर लावला?"

"नाही. सही घेतली आणि मला जायला सांगितलं."

मी लगेच खाली बसते. प्रकरण 2024 च्या जुलैआधीचं, त्यामुळे कलम जुन्या दंड संहितेचंच. टेबलावर जुन्या आणि नव्या कायद्याची दोन्ही पुस्तकं ठेवावी लागतात.

दोन. डबा.

तीन. मावशींच्या मुलाला जामीन मंजूर, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. आता खरं काम. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या बाईने ऐपतीचा दाखला असलेला माणूस आणायचा कुठून? नातेवाईक पोलिसांच्या कटकटीला भितात. मी रोख जामिनाचा अर्ज देते, पण कोर्ट सरकार पक्षाचं म्हणणं मागवतं. पुढची तारीख उद्याची. म्हणजे मंजूर झालेल्या जामिनावर पोरगा आजची रात्र येरवडा तुरुंगातच काढणार. याची चीड मला इतक्या वर्षांनीही येते. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर कोर्टाने आपणहून अट सैल करण्याचा विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये सांगितलं आहे. पण रोजंदारीवरच्या माणसाची नोकरी महिनाभर कोण राखून ठेवतं?

साडेपाच. सहीशिक्क्याच्या नकला घेऊन ऑफिसात. रात्री नऊपर्यंत उद्याच्या साक्षीदारांचे पोलीस जबाब पुन्हा वाचते.

तुमच्या ओळखीचं कुणी कोठडीत असेल आणि वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीतल्या माणसाला तिथे वकील मोफत मिळतो.