शंभरातले ऐंशी रुपये जातात कुठे?

गाडीत १०० रुपयांचे पेट्रोल भरले, तर त्यातले किती रुपये गाडी पुढे नेण्याच्या कामी येतात? ढोबळ मानाने २० ते २५! मग बाकीचे जातात कुठे?

नुकत्याच थांबलेल्या गाडीच्या बॉनेटजवळ हात धरून पाहा. उत्तर तेथेच मिळेल. इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण ठिणगीने पेटते. तापलेले वायू प्रसरण पावतात आणि दट्ट्याला ढकलतात. परंतु या उष्णतेचा थोडाच भाग गतीत बदलतो. उरलेली उष्णता रेडिएटरमधून आणि धुराच्या नळीतून हवेत निघून जाते. हा इंजिन बनवणाऱ्यांचा हलगर्जीपणा नव्हे. उष्णतेवर चालणाऱ्या प्रत्येक यंत्राकडून निसर्ग हा कर वसूल करतोच.

विजेच्या गाडीत काही जाळावेच लागत नाही. घरच्या पंख्यात असते तसेच, पण कितीतरी बलवान असे विद्युत्‌ चलित्र तिची चाके फिरवते. १०० रुपयांची वीज भरली, तर ७५ हून अधिक रुपये चाकांपर्यंत पोचतात. शिवाय ब्रेक लावताना हेच चलित्र जनित्र बनते आणि थोडी वीज बॅटरीत परत भरते!

मग ही गाडी पूर्वीच का आली नाही? आली होती. जमिनीवर तासाला १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली मोटारगाडी विजेचीच होती. १८९९ साली कामिय जनात्सी या बेल्जियन चालकाने तो पराक्रम पॅरिसजवळ केला. त्या गाडीच्या फ्रेंच नावाचा अर्थ होता ‘कधीच समाधानी नसलेली’!

पण तिला हरवले बॅटरीने. एक किलो पेट्रोलमध्ये सुमारे १२ युनिट विजेइतकी ऊर्जा असते. शिसे व आम्ल यांच्या बॅटरीत एक युनिट साठवायचे, तर तिचे वजन २५-३० किलो भरते. साहजिकच पेट्रोल जिंकले. पुढे १९९१ साली जपानमध्ये लिथियम-आयन घट विक्रीस आले. आज अशा चांगल्या घटात किलोमागे पाव युनिटापर्यंत वीज मावते. या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. २०२४ मध्ये जगात विकल्या गेलेल्या दर पाच नव्या मोटारींपैकी एकीहून अधिक मोटारी विजेवर पूर्णपणे किंवा अंशतः चालणाऱ्या होत्या.

नॉर्वे तर सर्वांच्या पुढे गेला. १९९० पासून तेथे विजेच्या गाड्यांना करात सवलती मिळत गेल्या. २०२४ साली तेथील दर १०० नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ पूर्णपणे विजेच्या होत्या. गंमत अशी, की हा देश स्वतः खनिज तेल काढून परदेशी विकतो!

आता एक अडचणीचा प्रश्न. बॅटरीत भरायची वीज येते कुठून? नॉर्वेत बहुतेक सारी वीज पाण्याच्या जोरावर तयार होते. परंतु कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रातही उष्णतेचेच यंत्र असते. तेथे १०० रुपयांच्या कोळशातून साधारण ३५ रुपयांचीच वीज हाती लागते. त्यातले पाऊण चाकांपर्यंत पोचले, तरी ते किती? जेमतेम २६! म्हणजे उधळपट्टी थांबली नाही. रस्त्यावरून उठून वीजकेंद्रात जाऊन बसली. रस्त्यावरचा धूर गेला, हा लाभ खरा. पण काम अर्धेच झाले. उरलेले अर्धे काम पाणी, वारा आणि सूर्य यांच्याकडून करून घ्यायचे आहे.

भारतात निम्म्याहून बरीच अधिक वीज आजही कोळशापासून मिळते. म्हणून मित्रांनो, विजेची गाडी दिसली की ‘किती धावते?’ एवढेच विचारून थांबू नका. ‘हिची वीज कुठली?’ हेही विचारा. आणि तुमच्या गावची वीज कोणत्या केंद्रातून येते, ते यंदाच्या सुट्टीत शोधून काढा!