डब्यातली शेवई घरची

आमच्या घरी शेवया करायचं एक जुनं यंत्र आहे. बिडाचं, चांगलं वजनदार. खाटेच्या कडेच्या फळीला स्क्रूने आवळून बसवायचं. वर पिठाचा गोळा घालायला तोंड, बाजूला फिरवायची मूठ, खाली भोकांची जाळी. लहानपणापासून ही मूठ फिरवायचं काम माझ्याकडे. चाळीस वर्षं मूठ फिरवल्यावर कुणालाही वाटेल तसं मलाही वाटत होतं, की मला शेवया करता येतात.

यंदा कळलं, येत नाहीत.

झालं असं, की संधिवाताने अम्मीची बोटं गेल्या पावसाळ्यापासून फारच वाकडी झाली. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागतो. पीठ तिंबणं शक्यच नाही. रमजानचा चंद्र दिसला त्या रात्री मी सहज म्हणालो, यंदा शेवया बाजारातून आणू. मिरजेच्या बाजारात रमजानात शेवयांचे ढीग लागतात, भाजलेल्या, बिनभाजलेल्या, केसासारख्या बारीक, हव्या तशा मिळतात. अम्मी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "विकतची आण, आपण घरात खाऊ. डब्यात नको."

हे डबे म्हणजे ईदच्या दिवशी शेजारीपाजारी जाणारे शिरखुर्म्याचे डबे. बावीस घरं. आमच्या गल्लीत मुसलमानांची घरं चारच, म्हणजे बहुतेक डबे हिंदू घरांत जातात आणि एक जैनांकडे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी असा डबा येत असेल. तो येतो, संपतो, आणि रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात साखर नाहीतर चार करंज्या घालून तो परत जातो. त्या डब्यामागे काय काय असतं, हे मलाही यंदाच नीट समजलं.

पत्नी बँकेत नोकरीला. मार्चअखेर आणि रोजे एकत्र आलेले, तिच्याकडे बोट दाखवायची सोय नव्हती. बहीण सोलापुरात. उरलो मी. शाळेत विज्ञान शिकवतो, परीक्षांचा हंगाम सुरू आहे, पण रविवार मोकळा असतो. अम्मी पलंगावर बसून सांगेल आणि मी करेन, असं ठरलं. पीठ, पाणी आणि मीठ, यात अवघड ते काय?

पहिल्या रविवारी मी एक किलो बारीक रवा परातीत घेतला, त्यात मूठभर सपीट मिसळलं. पाणी किती, असं विचारलं. अम्मी आमच्या घरातल्या दखनीत म्हणाली, "मेरेकू नक्को पूछ, आटेकू पूछ." पिठाला विचार. पीठ मला काही सांगेना. मी अर्धा लिटर पाणी मोजून ओतलं. गोळा मऊ झाला, हाताला छान वाटला, पोळीच्या कणकेसारखा. अम्मीने लांबूनच मान हलवली, पण बोलली नाही. नंतर मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणे, सांगितलं असतं तर तुला पटलं नसतं.

यंत्रातून शेवया सुरेख उतरल्या. मुलाने खाली हात धरून त्या अलगद झेलल्या, चादरीवर पसरल्या. तासाभराने पाहतो तर सगळ्या एकमेकींना चिकटून चटई तयार झालेली. पाणी जास्त झालं की हे होतंच. त्या चटईचे तुकडे अम्मीने गुळाच्या पाण्यात शिजवायला लावले, वर दूध घातलं, आणि इफ्तारला आम्ही ते चमच्याने तोडून तोडून खाल्लं. चव वाईट नव्हती. दिसायला मात्र काही विचारू नका.

दुसऱ्या रविवारी पाणी कमी घेतलं, तीनशे मिलिलिटर. आता गोळा दगड झाला. मूठ फिरेना. मी जोर लावला तसं यंत्रच फळीवरून निसटलं आणि पायाच्या अंगठ्याजवळ पडलं. रोजा होता म्हणून तोंडून काही वावगं निघालं नाही, एवढंच.

त्या दिवशी जोहरच्या नमाजनंतर मी मास्तरकी जरा बाजूला ठेवली. पाण्याने भरलेला तांब्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवला, आकडा लिहून घेतला आणि तांब्या अम्मीच्या हातात दिला. तांब्या धरण्याइतपत हात चालतो. तिने धार सोडायची, मी कालवायचं, ती म्हणेल तिथे थांबायचं. तिने चार वेळा धार सोडली. दर वेळी मला पीठ मुठीत दाबून दाखवायला सांगे. मूठ उघडल्यावर मुटका टिकतो का, बोटाने टोचला की फुटतो का, ते बघे. चौथ्या धारेनंतर "बस" म्हणाली. तांब्या पुन्हा काट्यावर ठेवला. तीनशे ऐंशी ग्रॅम पाणी कमी झालं होतं.

अम्मी शाळेत चौथीपर्यंत गेलेली. 'अंदाज' म्हणून आपण ज्याला हसतो ते प्रत्यक्षात मोजमापच असतं, फक्त ते हातात असतं. शिवाय रवा जुना की ताजा, जाड की बारीक, हवा कोरडी की दमट, यावर पाणी कमीजास्त लागतं. तीनशे ऐंशी हा आकडा आमच्या त्या दिवसाच्या रव्याचा. तुम्ही करणार असाल तर तिथून सुरुवात करा, पण मुठीत दाबून पाहायला विसरू नका.

पुढचं मात्र सगळ्यांना सारखंच. मीठ पाण्यातच विरघळवून घ्यायचं. गोळा घट्ट वाटला तरी घाबरायचं नाही, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवायचा. गव्हातली प्रथिनं पाणी पिऊन चिवट होतात, त्यांना वेळ लागतो. मग तेलाचा हात लावून तिंबायचा. बत्त्याने कुटला तर उत्तम. किती वेळ? लिंबाएवढा गोळा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायचा. तटकन तुटला तर अजून तिंबायचा, दोरी होऊन लांबला तर झालं. शेवया उतरल्या की लगेच कडक उन्हात घालायच्या नाहीत, नाहीतर वरून वाळतात, आतून ओल्या राहतात आणि तडकून चुरा होतो. आधी काठीवर टाकून सावलीत, पंख्याखाली, आणि दुसऱ्या दिवशी ऊन.

एक अडचण मात्र रोजामुळे येते. मीठ चाखायचं कुणी? जिभेच्या टोकावर ठेवून थुंकलं तर चालतं, असं काही जाणकार सांगतात, पण आमच्या घरी तसं कधी केलं नाही. आमच्याकडे पद्धत वेगळी आहे. भिंतीपलीकडच्या काकूंना हाक मारायची. काकू येतात, चिमटीभर पीठ जिभेवर ठेवतात, "अजून चिमूटभर" किंवा "बास" एवढंच सांगून जातात. त्या सत्तरीच्या आहेत. त्यांच्या माहेरी शेवया पाटावर, हाताने ओढून करत. यंत्राच्या शेवयांना त्या शेवया म्हणतच नाहीत, दोऱ्या म्हणतात. पण मीठ चाखायला न चुकता येतात.

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, कारण चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा तेवढं लहान असतं. अधिक महिन्याने ते भरून काढायची सोय आपल्या पंचांगात आहे, हिजरी कालगणनेत नाही. त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो आणि साधारण तेहेतीस वर्षांनी पुन्हा त्याच जागी येतो. २०१२ ते २०१५ या वर्षांत तो पावसाळ्याच्या दिवसांत होता. तेव्हा अम्मी मे महिन्यातच शेवया वाळवून पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायची. यंदा तो फाल्गुनात आला आहे. वाळवणाला याहून चांगले दिवस नाहीत. आणि अशाच दिवसांत तो १९९३ साली होता.

तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. डिसेंबर-जानेवारीत मुंबईत जे झालं ते झालं होतं. रमजान सुरू असतानाच १२ मार्चचे बॉम्बस्फोट झाले. आमच्या गल्लीत काही घडलं नव्हतं, पण बोलणं कमी झालं होतं. पाण्याच्या नळावर बायका आधीसारख्या रेंगाळत नव्हत्या. ईदच्या चार दिवस आधी अब्बा म्हणाले, "यंदा डबे राहू देत. उगाच कुणाला घ्यायला अवघड, कुणाला नाकारायला अवघड." अम्मी पीठ तिंबत होती. तिने उत्तर दिलं नाही, तिंबतच राहिली.

ईदला डबे माझ्याच हातात दिले. दोन-तीन घरी दार उघडायला वेळ लागला. एका घरी आजोबांनी मला आत बोलावून बसवलं आणि कितवीत आहेस, पुढे काय करणार, असं बराच वेळ विचारत राहिले. मला निघायची घाई होती, त्यांना बहुधा मला जाऊ द्यायचं नव्हतं. संध्याकाळपासून डबे परत येऊ लागले. पाडवा जवळच होता, त्यामुळे काहींत साखरेच्या गाठी होत्या. काकूंच्या डब्यात पुरणपोळी होती. एक डबा रिकामा परत आला, धुतलेला, पण रिकामा. अम्मीने तो पुन्हा एकदा धुतला आणि फळीवर बाकीच्यांबरोबर उपडा ठेवला. पुढच्या वर्षी त्या घरीही डबा गेला. त्या वर्षी तो भरून आला.

एवढं सगळं आठवल्यावर विकतच्या शेवयांचा विषय मी पुन्हा काढला नाही.

करायला बसलं की एकातून दुसरं सुचतं, हेही खरं. रमजानचे पंधरा-वीस रोजे झाले की शिंप्यांच्या दुकानात 'ऑर्डर बंद'ची पाटी लागते. माझ्या ईदच्या कुर्त्याची दोन बटणं तुटली आणि पायजम्याची तुरपाई उसवली. एरवी मी शिंप्याच्या विनवण्या केल्या असत्या. या वेळी त्याला एवढंच विचारलं, बटण लावायचं कसं? त्याने मशीन न थांबवता सांगितलं, "बटणाखाली आगकाडी धरा आणि शिवा. मग काडी काढून घ्या, बटण वर ओढा, खाली दोऱ्याचे तीन-चार वेढे द्या." काडीमुळे बटणाला मान राहते, काजात घालताना कापड ओढलं जात नाही. एवढी साधी गोष्ट मला ४८ वर्षांत कळली नव्हती. माझी बटणं आजवर कापडाला इतकी घट्ट चिकटलेली असायची की काजातून जाता जाता तुटायची. पैगंबर साहेब आपले कपडे स्वतः सांधत, चपला स्वतः दुरुस्त करत, घरकामाला हात लावत, हे आम्ही लहानपणापासून वाजमध्ये ऐकत आलो. ऐकून घरी यायचो आणि जेवायला कधी वाढतेस, असं अम्मीला विचारायचो.

खरं तर हे गावच हाताने शिकणाऱ्यांचं. मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशभर जातात. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यांनी भोपळा कोरायचं, तारा जुळवायचं हे काम उचललं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. तिथला मुलगा पुस्तक उघडून शिकत नाही, आजोबांच्या शेजारी बसतो. आमच्या घरात मी अम्मीच्या शेजारी बसलो होतो, नाही असं नाही, पण लक्ष मुठीकडे होतं. परातीकडे बघायला मला कुणी मना केलं नव्हतं, आणि बघ असंही कुणी म्हणालं नव्हतं. मुलगा होतो ना.

तिसऱ्या रविवारी जमलं. यंत्राखाली फळीवर जुन्या चपलेचा रबराचा तुकडा घातला, म्हणजे पकड सुटत नाही. ही युक्ती मुलाची. तो चौदा वर्षांचा आहे आणि मी मुद्दाम मूठ त्याच्याकडे न देता परात दिली. मूठ मी फिरवली, ती मला येते. त्याचं तिंबणं माझ्यापेक्षा बरं आहे, असं अम्मीने माझ्यासमोरच सांगितलं. शेवया सुट्ट्या उतरल्या, सुट्ट्या वाळल्या. काही जाड आहेत, एका कडेच्या थोड्या तुटल्या. काकूंनी येऊन एक शेवई उजेडाकडे धरून पाहिली आणि म्हणाल्या, "दोऱ्याच आहेत, पण बऱ्या आहेत."

किलोभर शेवया झाल्या आहेत. दहा लिटर दुधाला अर्धा-पाऊण किलो पुरतात. जास्त घातल्या तर शिरखुर्मा थंड झाल्यावर खीर न राहता वडी होते. खारका आदल्या रात्री भिजत घालायच्या, बिया काढून उभ्या चिरायच्या, तुपावर परतायच्या. शेवया तुपात तांबूस करून दूध आटल्यावर शेवटी घालायच्या. हे अजून व्हायचं आहे, आणि त्यातही काहीतरी चुकेलच.

काल इफ्तारनंतर मुलाने फळीवरचे डबे खाली काढून मोजले. बावीस. अम्मीने विचारलं, "कोपऱ्यावर नवीन भाडेकरू आलेत ना, लहान बाळ असलेले?" आले आहेत, त्यांचं आडनावसुद्धा आम्हाला अजून माहीत नाही. मग तेवीस कर, म्हणाली. शोधून शोधून एक जादाचा डबा सापडला, पण त्याचं झाकण काही सापडेना. ते उद्या बाजारातून बघून आणायचं आहे.