‘पार्लस’ : एका संकटवाचक विशेषणाची कुळकथा

इंग्रजी कोशात ‘पार्लस’ या जुन्या वळणाच्या विशेषणापुढे ‘धोक्याचे’ असा अर्थ दिलेला आढळतो, ‘पेरिलस’पुढेही तोच. अर्थ एकच असेल तर भाषेने दोन शब्द का जपले, हा प्रश्न अनुवादकाला टाळता येत नाही.

मुळात हे दोन शब्द नव्हेतच. लॅटिन ‘पेरिकुलुम’ म्हणजे प्रयत्न, कसोटी, आणि पुढे त्या कसोटीतील जोखीम. ‘एक्सपीरिअन्स’, ‘एक्सपेरिमेंट’ व ‘एक्स्पर्ट’ हे शब्दही याच धातूच्या कुळातले. अनुभव आणि संकट यांचे हे नाते लक्षणीय आहे. या नामापासून झालेले विशेषण जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. मध्यकालीन इंग्रजीच्या उत्तरकाळात बोलण्याच्या ओघात त्यातील मधला स्वर लोपला, ‘एर’चा ‘आर’ झाला आणि ‘पेरिलस’चे ‘पार्लस’ हे रूप सिद्ध झाले. ‘पर्सन’ व ‘पार्सन’ ही जोडी अशीच घडली. ‘क्लार्क’ हा शब्द इंग्रजीत लिहिताना ‘ए’ आणि उच्चारताना ‘आ’ येतो, तो याच परिवर्तनामुळे; मराठीने त्याचा उच्चारच स्वीकारला आहे.

रूप बदलल्यावर अर्थानेही वेगळी वाट धरली. शेक्सपिअरच्या ‘तिसरा रिचर्ड’ या नाटकात राणी आपल्या चुरचुर बोलणाऱ्या धाकट्या मुलाला हेच विशेषण लावते. तेथे धोका नाही. वयाला न शोभणारी, धास्ती वाटावी अशी हुशारी आहे. मराठीत ‘भयंकर हुशार’ म्हणताना भयाचा असाच विसर पडतो. ‘ॲज यू लाइक इट’मध्ये विदूषक टचस्टोन दरबार न पाहिलेल्या मेंढपाळाची अवस्था ‘पार्लस’ ठरवतो, ती थट्टेने. परंतु आजच्या वापराचे बीज तेथेच दिसते. प्रवास, चढण, साहस ही ‘पेरिलस’ असतात. ‘पार्लस’ असते ती मुख्यतः अवस्था : राज्याच्या तिजोरीची, संस्थेची, अर्थव्यवस्थेची. एकात संकट समोर उभे असते, दुसऱ्यात ते आत मुरलेले असते.

एका मुळापासून निघालेल्या रूपांनी असे अर्थक्षेत्र वाटून घेणे मराठीला अपरिचित नाही. ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ यांचे मूळ एक. पण पहिला शब्द स्त्रीसाठी, दुसरा जनावरासाठी. ‘क्षेत्र’ व ‘शेत’ यांचीही हीच कथा. हे शब्द परस्परांच्या जागी घालण्याची चूक मराठी लेखक करणार नाही.

इंग्रजीतून अनुवाद करताना मात्र ती सहज घडते. एखाद्या संस्थेच्या ‘पार्लस’ स्थितीला ‘धोकादायक स्थिती’ म्हटले, तर संस्थेपासून इतरांनाच धोका आहे असा भास होतो. ‘संस्था डबघाईस आली आहे’ किंवा ‘तिची अवस्था बिकट आहे’ असे म्हटल्याने मूळ आशय नेमका उतरतो. कोश शब्दाचा अर्थ देतो. त्याचे वाटणीपत्र मात्र शब्दाच्या इतिहासातच वाचावे लागते.