भातखाचरातून येणारा ताप: लेप्टोस्पायरोसिस

लेप्टोस्पायरोसिस हा मळसूत्रासारख्या पिळाच्या जिवाणूंमुळे होणारा रोग. उंदीर, घुशी, गुरे, कुत्री यांच्या लघवीतून हे जिवाणू पाण्यात आणि चिखलात उतरतात. मुळशीसारख्या भाताच्या तालुक्यात आवणीच्या दिवसांत माणसे तासन्‌तास खाचरात वाकलेली असतात. टाचेची चीर, नखाजवळची जखम किंवा भिजून मऊ पडलेली कातडी एवढी वाट जिवाणूंना रक्तात शिरायला पुरते. मुंबईत २६ जुलै २००५ च्या पुरानंतर याच रोगाची मोठी साथ आली होती.

संसर्ग झाल्यावर साधारण ५ ते १४ दिवसांनी थंडी वाजून ताप भरतो, डोके ठणकते. पोटऱ्यांना हात लावू देववत नाही. डोळे लालबुंद होतात, पण त्यांतून चिपडे येत नाहीत. आवणीचा शीण समजून हा ताप अंगावर काढला जातो, आणि घात होतो तो तिथेच. कावीळ, लघवी कमी होणे, धाप, थुंकीतून रक्त ही लक्षणे दिसली की यकृत, मूत्रपिंडे, फुप्फुसे ग्रासली गेली असे समजून रुग्णाला तातडीने रुग्णालयात हलवावे.

तपासणीच्या अहवालासाठी न थांबता, संशयावरूनच प्रतिजैविके सुरू करतात: सौम्य आजारात बहुधा डॉक्सिसायक्लिन, गंभीर आजारात शिरेतून पेनिसिलीन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन. मूत्रपिंडे थकल्यास डायलिसिस लागते. गरोदर स्त्रियांना डॉक्सिसायक्लिनऐवजी दुसरे औषध देतात.