चालकाची प्रकृती आणि वैद्यकीय दाखला

श्रीनगरहून कन्याकुमारीस जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ आणि हजिऱ्याहून पारादीप बंदराकडे जाणारा क्रमांक ५३ हे दोन्ही मार्ग नागपूरला एकत्र येतात. ७०१ किलोमीटर लांबीचा समृद्धी महामार्गही जून २०२५ पासून येथून थेट मुंबईपर्यंत पूर्णपणे खुला झाला आहे. त्यामुळे ट्रक आणि रात्रीच्या बसगाड्या चालविणाऱ्यांची नागपुरात नेहमीच वर्दळ असते. गाडी सुस्थितीत आहे किंवा नाही, हे पाहण्याची व्यवस्था सर्वांच्या परिचयाची आहे. ती हाकणारा माणूस सुस्थितीत आहे किंवा नाही, हे पाहण्याची तरतूदही कायद्यात आहे. मात्र तिची गणना बहुधा अर्जास जोडावयाच्या कागदांतच होते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ट्रक किंवा प्रवासी बस यांसारखे परिवहन वाहन चालविण्याची अनुज्ञप्ती, म्हणजे बोलीतील लायसन, मागणाऱ्यास नोंदणीकृत डॉक्टरचा ‘नमुना १-अ’ मधील दाखला द्यावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा अनुज्ञप्तीचे नूतनीकरण पाच वर्षांनी होते. धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी ही मुदत तीन वर्षांची आहे. प्रत्येक नूतनीकरणाच्या वेळी दाखला नवा लागतो.

या नमुन्यातील प्रश्न साधे आहेत. अर्जदाराच्या दृष्टीत दोष आहे काय, आणि असल्यास तो चष्म्याने दूर झाला आहे काय? चांगल्या उजेडात २५ मीटरवरील मोटारीची नंबरपट्टी त्यास ओळखता येते काय? भोंग्याचा आवाज ऐकू न येण्याइतका बहिरेपणा, रातांधळेपणा किंवा हातापायांचे व्यंग आहे काय? तांबडा व हिरवा रंग ओळखण्याविषयीचा नियम जून २०२० मध्ये बदलला असून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यास आता अनुज्ञप्ती मिळू शकते. अर्जदारास आपण स्वतः तपासले आहे, असे डॉक्टर या दाखल्यावर सहीनिशी लिहून देतो. हे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. अर्जदाराकडे न पाहता केलेली सही ही केवळ हयगय नव्हे. ते असत्य विधान होय.

तथापि, प्रामाणिकपणे भरलेला नमुनाही सर्व काही सांगत नाही. रक्तदाब, रक्तातील साखर आणि झोप यांविषयी त्यात स्वतंत्र प्रश्न नाही. अपस्मार किंवा अचानक येणारी भोवळ यांचा उल्लेख आहे तो ‘नमुना १’ मध्ये, म्हणजे अर्जदाराच्या स्वतःच्या प्रतिज्ञापनात. नागपूर जिल्ह्यातील कोळसा खाणींशी तुलना केली तर हा फरक ठळक दिसतो. खाण नियम, १९५५ यांनी कामगाराची तपासणी कामावर घेताना आणि पुढे जास्तीत जास्त पाच वर्षांच्या अंतराने करण्याचे बंधन घातले. तीत छातीचे क्ष-किरण चित्र, रक्तदाब व लघवीची तपासणीही होती. खाणीत डंपर चालविणारा माणूस या तपासणीखाली येई. तोच कोळसा ट्रकमधून सडकेने नेणाऱ्यास नमुना १-अ पुरेसा ठरे.

चालकाने दुखणे लपविण्याचे मुख्य कारण पोटापाण्याचे आहे. मधुमेह असल्याचे कळले तर मालक गाडी काढून घेईल, ही भीती त्याला वाटते. मग गोळी घेतली जाते आणि जेवण मात्र पुढच्या ढाब्यापर्यंत लांबते. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्याची साखर अशा वेळी एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. वस्तुतः उपचार नियमित असतील तर मधुमेही माणूस बहुतेक वेळा काम करू शकतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होते. घोरताना श्वास मधूनमधून अडकणे व दिवसा अनावर झोप येणे, या स्थूल माणसांत अधिक आढळणाऱ्या विकारावरही उपाय आहेत. ही गोष्ट चालकापर्यंत पोहोचली तर लपविण्याचे प्रमाण कमी होईल.

झोपेचा प्रश्न दाखल्याने सुटणारा नाही. सकाळी तपासलेले उत्तम डोळेही पहाटे तीनला मिटू लागतात. सरळ, एकसुरी रस्त्यावर ही गुंगी लवकर येते. मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ ने दिवसाला आठ व आठवड्याला ४८ तास ही कामाची मर्यादा आणि सलग पाच तासांपूर्वीच अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती, ती याच कारणास्तव. नागपूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्ये थकवा आणखी वाढतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम व जड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. जुने ट्रक मात्र अनेक वर्षे धावतच राहतील.

अधिनियमाच्या कलम १६ नुसार चालक आजारामुळे अपात्र झाला आहे असे मानण्यास सबळ कारण असल्यास परवाना प्राधिकारी मुदतीची वाट न पाहता नवा दाखला मागू शकतो. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती नेमली आहे. चालकाच्या अनुज्ञप्तीची मुदत आणि दाखल्याची तारीख या समितीच्या बैठकीत सहज पाहता येते. गावातील ट्रकचालक सणावाराला घरी येतात. त्या दिवसांत ग्रामपंचायतीने प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने रक्तदाब, साखर व डोळे तपासण्याची सोय केली, तर ती तपासणी अनुज्ञप्तीच्या अर्जाशी बांधलेली नसल्याने चालक मोकळेपणाने बोलेल. चष्मा लागला तर दोन करावेत, एक डोळ्यांवर आणि दुसरा गाडीत.