धरण एकाच्या अंगणात, मालकी तिघांची

मानंतली धरण उभं आहे मालीत, पण ते माली, सेनेगल आणि मॉरिटानिया यांच्या सामायिक मालकीचं आहे. धरण ज्या खोऱ्यात आहे, त्या सेनेगल नदीसाठी या तिघांनी १९७२ मध्ये एकत्र संस्था स्थापली. गिनी २००६ मध्ये तिच्यात सामील झाला. पाण्यावरून भांडणाऱ्यांनी ही व्यवस्था मुद्दाम अभ्यासावी.

पण पूर ओसरला की ओल्या गाळात ज्वारी टोकणाऱ्या शेतकऱ्याचं काय? धरणानं पूर अडवला, की ज्वारी गेली, मासे गेले, गुरांचा चाराही गेला. आणि पाण्याचं नियोजन या लोकांना नवं नाही: नदीकाठच्या सुबालबे मच्छीमारांत तर पाण्याचा कारभार पाहणारा प्रमुख पिढ्यान् पिढ्या असतो. या नदीसाठीच्या २००२ च्या जलसनदेत कृत्रिम पुराची तरतूद झाली, हे चांगलंच. मात्र दरवाजे कधी आणि किती उघडायचे, हे ठरवताना या माणसांना हक्काची जागा मिळायलाच हवी.