निराधार मनोरुग्ण भगिनी : आसऱ्यापासून घरापर्यंत

बसस्थानकावर, रेल्वेच्या फलाटावर, उड्डाणपुलाखाली किंवा आठवडी बाजाराच्या कडेला अशी एखादी स्त्री आपण सर्वांनी पाहिलेली असते. केसांच्या जटा झालेल्या, अंगावर अपुरे वस्त्र किंवा एकावर एक चढवलेले मळके कपडे, हातात चिंध्यांचे गाठोडे आणि कोणाशी तरी अखंड चाललेले बोलणे. येणारे-जाणारे तिला वळसा घालतात. कोणी खाण्याची पुडी ठेवून जातो, कोणी हाकलतो. ती कोण, कोठली, तिचे नाव काय, हे सहसा कोणी विचारीत नाही.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेले विद्यार्थी आणि त्यांचे पालक आज नाना क्षेत्रांत आहेत. कोणी शिक्षक, कोणी परिचारिका, कोणी पोलीस, कोणी एस.टी. किंवा रेल्वेचे कर्मचारी असतील. अशा भगिनीशी पहिली गाठ पडते ती याच मंडळींची. म्हणून तिचा आजार कसा असतो, ती रस्त्यावर का येते, तिचे पुनर्वसन कोणत्या टप्प्यांनी होते आणि त्यात समाजाचा वाटा कोणता, याची मांडणी आम्ही येथे करीत आहोत.

पटाचारेची कथा काय सांगते

थेरीगाथेत ज्यांच्या गाथा आहेत, त्या पटाचारा थेरींची कथा आपल्या परिचयाची आहे. पती सर्पदंशाने गेला, दोन्ही मुले गेली, आणि माहेरची वाट धरली तर आई-वडील व भाऊ वादळात कोसळलेल्या घराखाली गाडले गेल्याचे कळले. या आघाताने भान हरपलेली ती श्रावस्तीच्या रस्त्यांवर विवस्त्र भटकू लागली. लोक तिच्यावर ढेकळे आणि कचरा फेकीत. ती जेतवनात शिरली तेव्हा जमलेल्यांनी तिला अडवण्याचा प्रयत्न केला. तथागतांनी मात्र तिला येऊ द्या म्हणून सांगितले आणि भगिनी म्हणून हाक दिली. एकाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले. धम्माविषयीचे बोलणे त्यानंतर झाले. पुढे हीच पटाचारा विनयात अग्रगण्य भिक्खुणी आणि अनेक स्त्रियांची मार्गदर्शक झाली.

या कथेतील क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटतो. आधी प्रवेश, मग आदराची हाक, मग वस्त्र आणि शेवटी उपदेश. येथे एक खबरदारीही सांगितली पाहिजे. केवळ प्रवचनाने मनोविकार बरा होतो, असा अर्थ या कथेतून कोणी काढू नये. आज आपल्याजवळ औषधे आहेत आणि ती वेळेवर मिळणे हाही करुणेचाच भाग आहे.

ती रस्त्यावर का येते

रस्त्यावर भटकणाऱ्या स्त्रियांमध्ये छिन्नमनस्कता, म्हणजे स्किझोफ्रेनिया, आणि बायपोलर विकार हे आजार ठळकपणे आढळतात. छिन्नमनस्कतेत कानात आवाज येतात, आपल्याविरुद्ध कोणी कट करीत आहे असे वाटते, विचारांची साखळी तुटते. हा आजार पुरुषांत बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. स्त्रियांत तो काहीसा उशिरा, पंचविशीच्या आसपास किंवा तिशीत दिसू लागतो. आपल्याकडे हा काळ लग्नाचा आणि बाळंतपणाचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तीव्र मनोविकृती उद्भवू शकते, हेही अनेक घरांना ठाऊक नसते. परिणामी, सासरी असताना सून विचित्र वागू लागली की आजार ओळखला जात नाही. तिला आळशी, भांडखोर किंवा बाधित ठरवले जाते.

यापुढची वाट ठरल्यासारखी असते. आधी भगत, मांत्रिक, गंडेदोरे. मग सासरचे लोक तिला माहेरी आणून सोडतात आणि नवरा दुसरे लग्न करतो. माहेरी आई-वडील असेतोवर निभावते. त्यांच्या पश्चात भावाच्या घरात तिची जागा आक्रसते. एखाद्या दिवशी ती घराबाहेर पडते, मिळेल त्या गाडीत बसते आणि भाषाही न समजणाऱ्या प्रांतात उतरते. सर्वच घरे तिला टाकून देतात असे नाही. वर्षानुवर्षे शोध घेणारी, तक्रार देऊन थकलेली गरीब कुटुंबेही असतात.

उपचारांची उणीव किती मोठी आहे, हे 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने दाखवून दिले. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने केलेल्या या पाहणीत देशातील 10.6 टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे दिसले, आणि विकारानुसार 70 ते 92 टक्के रुग्ण उपचारांपासून दूर असल्याचे आढळले. रस्त्यावरची भगिनी या साखळीचे शेवटचे टोक आहे.

रस्त्यावर आल्यानंतर स्त्री म्हणून तिच्या वाट्याला आणखी दुःखे येतात. उघड्यावरची रात्र, लैंगिक अत्याचार, त्यातून राहिलेला गर्भ, मासिक पाळीत कापडाचीही सोय नसणे. आपल्यावर काय गुदरले हे तिला नीट सांगता येत नाही आणि सांगितले तरी तिच्यावर विश्वास ठेवला जात नाही.

पहिले काही आठवडे : शुश्रूषा

अशी भगिनी निवारागृहात आली की सुरुवात शरीरापासून होते. जखमा, खरूज, उवा, रक्तक्षय, कधी क्षयरोग, कधी गर्भारपण. या सर्वांची तपासणी करावी लागते. फार दिवस उपाशी असलेल्या व्यक्तीला एकदम पोटभर जेवण देणे धोक्याचे असते, म्हणून आहार हळूहळू वाढवावा लागतो. केस कापणे अनेकदा सोयीचे वाटते. परंतु तिला न विचारता मुंडन करणे हा तिचा अपमान आहे, आणि कायद्यानेही त्याला मनाई आहे.

मनोविकारावरील औषधांनी अस्वस्थता व निद्रानाश काही दिवसांत कमी होऊ लागतात. भास आणि संशय ओसरायला मात्र कित्येक आठवडे लागतात. ज्यांना रोजची गोळी घेणे जमत नाही, त्यांच्यासाठी दोन ते चार आठवड्यांनी एकदा देता येणारी इंजेक्शने उपलब्ध आहेत. या औषधांनी हातांना कंप सुटणे, अंग ताठरणे, वजन वाढणे, पाळी अनियमित होणे असे त्रास होऊ शकतात. ते डॉक्टरांना सांगितले तर मात्रा किंवा औषध बदलता येते. न सांगितल्यास रुग्ण औषध टाकून देते आणि आजार परततो.

शुश्रूषा करणारा कसा असावा, याविषयी विनयपिटकाच्या महावग्गात पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे. रुग्णाला काय हितकारक व काय अहितकारक हे कळावे. त्याने लाभासाठी नव्हे, मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, वांती यांची किळस धरू नये. आणि रुग्णाला योग्य वेळी धीर देता यावा. निवारागृहात काम करणाऱ्या कोणत्याही मावशींना ही यादी वाचून दाखवली तर त्यांना ती आपल्याच कामाची यादी वाटेल.

नाव आणि गाव

औषधे लागू पडू लागली की एखाद्या दिवशी ती आपले नाव सांगते. पुष्कळदा गावाचे नाव आठवत नाही, पण नदी, जत्रा, साखर कारखाना, शाळेतल्या बाईंचे नाव आठवते. बोलीवरून प्रांताचा अंदाज बांधला जातो, गोंदणातून नाव मिळते, काही वेळा आधारच्या बोटांच्या ठशांवरून ओळख पटते. मग त्या भागातील पोलीस ठाण्याला, सरपंचांना फोन केले जातात. हे काम चिकाटीचे आहे आणि त्यातून हजारो माणसे घरी पोहोचली आहेत.

याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्यातले. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी या मनोविकारतज्ज्ञ दांपत्याने 1988 मध्ये मुंबईत श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे काम आरंभले. रायगड जिल्ह्यातील कर्जत येथील त्यांच्या केंद्रात रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्री-पुरुषांवर उपचार होतात आणि कार्यकर्ते त्यांना देशाच्या कानाकोपऱ्यांतील त्यांच्या घरी स्वतः नेऊन सोडतात. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना 2018 चा रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

घर नसेल तर?

प्रत्येकीला घर मिळतेच असे नाही. काही घरांची दारे बंद असतात. काही ठिकाणी मारहाणीमुळेच ती बाहेर पडलेली असते. तेथे तिला परत धाडणे अन्यायाचे ठरते. अशा भगिनींसाठी दोन वेगळ्या वाटा आपल्यासमोर आहेत.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील शिंगवे येथे डॉ. राजेंद्र धामणे व डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य माऊली सेवा प्रतिष्ठानमार्फत केवळ निराधार मनोरुग्ण स्त्रियांचा सांभाळ करते. अत्याचारातून गर्भार राहिलेल्या भगिनींची बाळंतपणे आणि त्यांच्या मुलांचे संगोपनही तेथे होते. ज्या स्त्रीला जगाने नाकारले, तिला तेथे कायमचे घर मिळते.

दुसरी वाट चेन्नईची. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन तरुणींनी 1993 मध्ये रस्त्यावरील मनोरुग्ण स्त्रियांसाठी द बॅनियन ही संस्था उभारली. तेथील अनुभव असा की बऱ्या झालेल्या काही स्त्रिया निवाऱ्यातच वर्षानुवर्षे अडकून पडत. म्हणून संस्थेने साध्या वस्तीत घरे भाड्याने घेऊन चार-पाच जणींनी एकत्र राहावे, अशी योजना आखली. मदतीला एक कार्यकर्ती असते. भाजी आणणे, स्वयंपाक, शेजाऱ्यांशी बोलणे, जमेल ते काम करून चार पैसे मिळवणे, हे सारे त्या स्वतः करतात. वसतिगृहात राहिलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना याचे मोल सांगावे लागणार नाही. एका खोलीत राहणारी, रक्ताचे नाते नसलेली माणसेही एकमेकांचे घर होऊ शकतात.

कायदा काय म्हणतो

6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका खाजगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण होरपळून मृत्युमुखी पडले. मनोरुग्णाला बांधून ठेवण्याच्या प्रथेचे भीषण रूप त्या दिवशी देशाने पाहिले. आज 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमानुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी आहे. याच कायद्यातील पुढील तरतुदी आपण लक्षात ठेवाव्यात :

• मनोविकारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी व्यक्ती भटकताना आढळल्यास तिला संरक्षणात घेणे आणि 24 तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात तपासणीसाठी नेणे हे पोलीस ठाण्याचे कर्तव्य आहे. तिला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही.

• अशा बेघर व्यक्तीबाबत हरवल्याची नोंद करून तिच्या कुटुंबाचा शोध घेणे हेही पोलिसांचे काम आहे.

• निराधार व बेघर व्यक्तींना सरकारी सेवेत मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे.

• कुटुंब नाही किंवा कुटुंब स्वीकारत नाही, एवढ्याच कारणावरून कोणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. समाजात राहण्याचा हक्क तिलाही आहे.

• उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करता येत नाही.

• मासिक पाळीतील स्वच्छतेची साधने मिळणे हाही हक्क आहे.

महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बाधा उतरवण्याच्या नावाखाली बांधणे वा मारहाण करणे हा राज्याच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

आपण काय करावे

अशी भगिनी दिसल्यास तिला ओढू नये, भोवती गर्दी करू नये, तिची चित्रफीत काढून पसरवू नये. थोडे अंतर राखून शांतपणे बोलावे, पाणी व साधे अन्न द्यावे. शक्यतो एखाद्या स्त्रीने पुढे व्हावे. 112 वर पोलिसांना किंवा 181 या महिला हेल्पलाइनवर कळवावे आणि कायद्यातील कर्तव्याची आठवण नम्रपणे, पण ठामपणे करून द्यावी. अडचण आल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे स्त्रियांना कायदेशीर मदत मोफत मिळते.

याहून अवघड काम ती घरी परतल्यानंतरचे आहे. संस्थेची गाडी तिला दारात सोडून जाते; पुढचे दिवस गावाच्या हाती असतात. गोळ्या संपल्या, जिल्हा रुग्णालय दूर पडले, बरी दिसते म्हणून घरच्यांनी औषध थांबवले, की आजार उलटतो आणि ती पुन्हा रस्त्यावर येते. दरमहा औषध आणून देणारा एक शेजारी, तिला हळदी-कार्यक्रमाला बोलावणारी एक जाऊ, विहारातील वंदनेला सोबत नेणारी एक मैत्रीण यांची गरज तेथे असते. दिव्यांग प्रमाणपत्र मिळवून देणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज भरून देणे, ही कामे आपले माजी विद्यार्थी सहज करू शकतात. घरात कोणाला अशी लक्षणे दिसू लागली तर 14416 या टेलि-मानस क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. वेळीच केलेला तो एक फोन एखादीची पुढची भटकंती टाळू शकतो.

आणि शब्दांचाही विचार व्हावा. वेडी, येडी, पागल या हाका मुले घरातच शिकतात. ज्या समाजाने स्वतः अपमानास्पद नावांचे ओझे पिढ्यान्‌पिढ्या वाहिले आणि ते झुगारून दिले, त्या समाजाला नावाची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्या गावी परतलेल्या अशा भगिनीला तिच्या नावाने हाक मारणारे पहिले घर आपले असावे, एवढीच अपेक्षा आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

भवतु सब्ब मंगलं.